चाकाला आपल्याभोवती फिरवणारा रघुनाथ

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मागे उन्हात कशाला बसता, इथे खांबापाशी जागा आहे.

मला बोलायला उभं केलंय. पण आधी एकेकाची विचारपूस करतो, चालेल ना? सुभद्रावहिनी, आज दोन घास पोटात गेले का? नुसती मान हलवू नका, तोंडाने सांगा. गेले म्हणता? बरं. हसनमियाँ, खोकला कसा आहे? वखारीतला भुसा काही तुम्हाला सोडत नाही. नामा पाटील, तुम्ही खांदा गावाहून चालत आलात म्हणे. डोळ्याचं ऑपरेशन झालं ना? मी नीट दिसतो का? काय म्हणता? 'दिसतोस, पन डोला बिघारला व्हता तवाच बरा दिसत व्हतास.' असू द्या पाटील, आज तुम्हाला सगळं माफ आहे.

दामोदर, आपट्याहून पहिल्या एस.टी.ने आलास. तू बरा आहेस ना? मुलंबाळं? तुझ्या भावाचं, काशिनाथचं, मी आत्ता विचारत नाही. त्याचं नंतर विचारणार आहे, सगळ्यांसमक्ष. खरं सांगायचं तर आज मी उभा राहिलोय तो त्याच्यासाठीच. गेलेल्या रघुनाथसाठी मला रडता येतं, बोलता येत नाही. पण गेलेल्या माणसाचं एक काम अर्धं राहिलंय, त्याबद्दल बोललं पाहिजे.

मला ओळखत नाहीत अशीही चार माणसं दिसतात. मी गोविंद लोहार. रघुनाथच्या घरासमोर माझी भट्टी. शाळा माझी दुसरीत सुटली. पुढचं वाचायला शिकलो ते खिळे-पट्ट्या बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या कागदांवर. त्यामुळे बातमीचा शेवट मला कधी मिळाला नाही, तो मी मनानेच करत आलो. आज भाषणाचंही तसंच होईल. चुकलं तर सांभाळून घ्या.

रघुनाथ सुतार जाऊन आज तेरा दिवस झाले. मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेला. पंधरा वर्षं कमरेखालचं अंग लुळं होतं, त्यातून येणारं हे दुखणं. डॉक्टरने मागेच सांगितलं होतं. तो स्वतःही जाणून होता. म्हणून "अचानक गेला" असं कुणी म्हणू नका. तो अचानक गेला नाही. तो पंधरा वर्षं गेला नाही, हे सांगायला आपण जमलोय.

कसं झालं ते सांगतो. इंग्रज जायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. वखारीत बाभळीचे ओंडके उतरवत होतो. रघुनाथ गाडीच्या मागे, मी पुढे. दोर सुटला, वरचा ओंडका घरंगळला आणि त्याच्या पाठीवर आला. तो ओरडला नाही. म्हणाला, "गोविंदा, माझे पाय कुठं आहेत बघ." पाय जागच्या जागी होते. मी म्हणालो, "आहेत की." तर म्हणाला, "मग मला का सापडत नाहीत?"

हसनमियाँ, त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते मी सांगणार. मान खाली घालू नका. रस्त्याने नेला तर हादरे बसतील म्हणून तुम्ही तुमचा मचवा रिकामा केलात. घरचं दार बिजागऱ्यांतून काढलंत. त्या दारावर त्याला बांधला आणि बंदरातून थेट मुंबईला नेला. म्हणालात, "दार का क्या है, अल्ला निगेहबान है. चोर आला तर चहा पाजू त्याला." चार महिने तुमच्या घराला दार नव्हतं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, कमरेखालचं परत येणार नाही. तिथे मंगळूरकडची एक सिस्टर होती. तिने रघुनाथच्या बायकोला, ह्या सुभद्रावहिनींना, सगळं शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठ, माकडहाड, टाचा रोज बघायच्या. पाणी भरपूर प्यायला द्यायचं. लघवीची नळी उकळल्याशिवाय वापरायची नाही. वहिनींना तेव्हा लिहिता येत नव्हतं. त्यांनी सगळं घोकून पाठ केलं, आरतीसारखं.

आणि मंडळी, आपण काय केलं? आपण शहाणे! इस्पितळातून तो घरी आला आणि अख्खी आळी त्याला भेटायला लोटली. आजाऱ्याला भेटायला जायची आपली रीत आहे. जायचं, उशाशी बसायचं, च्-च् करायचं, डोळे पुसायचे, उठायचं. त्याच्या आईने घरातली सगळ्यात मऊ गादी घातली. हाडवैद्य म्हणाला, मोडलेलं हाड हलवायचं नसतं. झालं! सगळ्यांचं एकमत. वहिनी कूस बदलायला आल्या की पाच जणी त्यांचा हात धरायच्या. "अगं, हलवू नकोस, पडू दे त्याला शांत!" सून नवखी, लग्नाला जेमतेम तीन वर्षं झालेली. तिचं कोण ऐकतो? त्या पाच जणींत माझी बायको होती आणि दारात मी होतो. मीसुद्धा म्हणालो, "वहिनी, पडू द्या."

अडीच आठवड्यांत माकडहाडावर जखम झाली. मूठ जाईल एवढी. त्याला दुखलं नाही, म्हणून आपल्याला कळलं नाही. प्रेमानं आपण त्याला मारायलाच घेतलं होतं.

मग एके दिवशी सकाळी वहिनी उंबऱ्यात उभ्या राहिल्या. पदर खोचलेला. त्या माऊलीचा आवाज मी तोवर ऐकलाही नव्हता. म्हणाल्या, "यापुढे यांना भेटायला येईल त्याने हात धुऊन यायचं आणि यांची एक कूस बदलून जायचं. नुसतं बसायला कुणी येऊ नये. रडायचं असेल तर आपापल्या घरी रडा."

केवढा राग आला होता सगळ्यांना! सासूने चार दिवस अबोला धरला. पण पाचव्या दिवशी पहिली कूस बदलली ती सासूनेच. मग पाळ्या लागल्या. सकाळी मी, मग हसनमियाँ, दुपारी आळीतल्या बाया. देवळात जाताना एक कूस, बाजारातून येताना एक कूस. जखम भरायला सात महिने लागले. पण भरली. नाहीतर ही सभा पंधरा वर्षांपूर्वीच झाली असती आणि तेव्हा आपण सगळे म्हणालो असतो, "सुटला बिचारा."

जखम भरली आणि रघुनाथ बसायला लागला. पण बसून करायचं काय? त्याचा धंदा चाकं बनवायचा. गाडीचं चाक म्हणजे मधे तुंबा, त्यात बारा आरे, आऱ्यांवर लाकडी पाट आणि पाटांवर माझी लोखंडी धाव. लाकूड त्याचं, लोखंड माझं. आता सुतार काम कसं करतो ते पाहिलंय ना तुम्ही? जमिनीवर बसतो आणि लाकूड पायांनी धरतो. तळव्यात दाबतो, अंगठ्याने वळवतो. सुताराला चार हात असतात, मंडळी. त्यातले दोन गेले.

तो दोन महिने उंबऱ्याशी बसून रस्ता बघत होता. मी विचारलं, "काय बघतोस?" म्हणाला, "चाकं बघतो. कोणतं माझं, कोणतं दुसऱ्याचं." मग म्हणाला, "गोविंदा, लाकडाला धरायला पायच लागतात असं कुणी सांगितलं? धरणारं काहीतरी लागतं."

मी त्याला लोखंडी शिकंजा करून दिला. तो त्याने जमिनीत पुरलेल्या खुंटाला बसवला. पण खरी गंमत पुढेच. तुंब्याला आरे बसवताना सुतार चाकाभोवती फिरतो. एक आरा ठोकला, सरकला. दुसरा ठोकला, सरकला. हा कसा सरकणार? तीन दिवस भिंतीला टेकून तुंब्याकडे बघत बसला. चौथ्या दिवशी मला हाक मारली. म्हणाला, "जमिनीत एक जाड सळई उभी रोवून दे, वीतभर वर. तुंबा तिच्यात घालतो. मी चाकाभोवती फिरणार नाही. चाक माझ्याभोवती फिरेल."

आणि फिरलं! हाताने ढकललं की पुढचा आरा समोर. पुन्हा ढकललं की त्याच्या पुढचा. आणि त्यात एक गोष्ट कळली, ती पाय असताना कळली नसती. चाक सळईवर फिरलं की त्यातली खोट लगेच दिसते. कुठे आरा आखूड, कुठे पाट उचललेला, चाक झोका खाताना दिसतं. आज आळीतले सगळे सुतार, धडधाकट पायांचे, चाक सळईवरच जुळवतात. विचारा त्यांना, कुणाचं बघून!

पण हे सगळं एका दमात झालं नाही हं. मधे मी एक पाप केलंय. वहिनींना ठाऊक आहे, बाकीच्यांना नाही. आज सांगून टाकतो.

पहिलं चाक त्याने पुरं केलं ते नामा पाटलांच्या गाडीचं. धाव चढवायला माझ्याकडे आलं. मी ठोकून पाहिलं तर दोन आरे तुंब्यात ढिले. आता खरं तर चाक परत पाठवायचं. लोहाराचा धर्मच तो, ढिल्या चाकावर धाव चढवायची नाही. पण माझा हात धजला नाही. म्हटलं, एवढ्या कष्टाने केलंय, कशाला त्याचं मन मोडा? गुपचूप मोगरीने दोन पाचरी मारल्या, धाव चढवली, चाक पाटलांना दिलं. रघुनाथला म्हणालो, "वा, काय चाक केलंयस!"

संध्याकाळी त्याने मला बोलावलं. "गोविंदा, माझ्या चाकावर आज मोगरी का वाजली?"

मी म्हणालो, "छे, घण असेल."

"माझे पाय गेलेत, कान नाही गेले. घणाचा आवाज वेगळा, लाकडी मोगरीचा वेगळा. किती आरे ढिले होते?"

मी रस्त्यापलीकडे माझ्या भट्टीकडे बघायला लागलो.

"किती?"

"दोन."

त्याने दार लावून घेतलं. तीन आठवडे बोलला नाही माझ्याशी. समोरासमोर घरं, मधे बैलगाडीपुरता रस्ता, आणि तीन आठवडे तो माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करायचा. मला वाटलं, काय हा हट्ट? मी काय वाईट केलं? मदतच केली ना?

आणि एका सकाळी नामा पाटील एक चाक घेऊन दारात. पाटील, तुम्हीच सांगा काय निरोप आणलात. नको? बरं, मी सांगतो. पाटील म्हणाले, "रगुनाथनी सांगितलाय, या चाकान एक आरा डिला हाय. गोविंदाला म्हनाव सोध. नाय गावला तं तू लोहार नाय."

अहो, मी दोन तास ठोकत बसलो. प्रत्येक आरा घट्ट. घाम फुटला. शेवटी नववा सापडला, केसाएवढा ढिला. मी ते चाक उचललं, रस्ता ओलांडला आणि त्याच्या अंगणात दाणकन टाकलं. म्हणालो, "हे काय चाक म्हणायचं? ह्याच्यावर भाकऱ्या थाप! माझी धाव ह्याच्यावर चढायची नाही."

आणि तो हसला, मंडळी. अपघातानंतर पहिल्यांदा खदखदून हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाला, "आता मी सुतार झालो. गोविंदा, तू पाचर मारलीस तेव्हा मला खाटेवर परत निजवलं होतंस. चुकलं तर माझ्या अंगावर टाकत जा. ज्याचं काम परत येतं, त्यालाच काम येतं असं लोक समजतात."

हे वाक्य मी विसरलो नाही. त्यानंतर इतक्या वर्षांत मी त्याची अकरा-बारा चाकं परत केली असतील. आणि त्याने माझ्या धावा किती परत केल्या, ते मी सांगणार नाही!

एक दुसरी चूक सांगतो, ती त्याची आणि माझी अर्धी-अर्धी. धाव चढवायची म्हणजे लोखंडी कडं गोवऱ्यांच्या आगीत लाल करायचं, चौघांनी सांडशीने उचलायचं, चाकावर बसवायचं आणि वरून पाणी मारायचं. लोखंड आवळतं, चाक घट्ट होतं. त्याला ते जवळून बघायचं असायचं. आम्ही त्याला आगीपाशी बसवला. सगळ्यांचं लक्ष लाल कड्याकडे. एक निखारा उडाला, त्याच्या पावलावर पडला. त्याला कळलं नाही. आम्हाला कळलं नाही. वास आला तेव्हा नामा पाटील म्हणाले, "कोनाचा धोतर जलतंय काय?" धोतर नव्हतं, पाऊल होतं.

तीन महिने गेले ते भरायला. वाटलं, आता हा भट्टीपाशी येणार नाही. तर तो म्हणाला, "पाय बोलत नाहीत, तर आपणच त्यांना विचारायचं." वहिनींचा कुंकवाचा आरसा घेतला आणि रोज दिवेलागणीला पायांची हजेरी सुरू केली. आरशात टाच बघायची, तळवा बघायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. मोठ्याने म्हणायचा, "डावा हजर. उजवा हजर, गैरहजेरीची दोन वर्षं माफ." आम्ही ओसरीवर बसून हसायचो. पण हजेरी एक दिवस चुकली नाही.

आता तुम्ही म्हणाल, गोविंदा नुसतं कामाचंच सांगतोय. माणूस नुसता कामाने जगतो का? नाही हो. तो मजेत जगला. त्याने स्वतःसाठी बुटका गाडा केला, चार लहान चाकांचा, हातातल्या ठोकळ्यांनी जमीन ढकलत जायचा. बाजारात मासळी स्वतः पारखायचा आणि कोळणींशी भांडायचा. तळ्याच्या पाळीवर संध्याकाळी सोंगट्या खेळायचा आणि लबाडी करायचा. हो, करायचा! मेलेल्या माणसाबद्दल खोटं बोलू नये.

पहिलं मतदान झालं तेव्हा त्याचा गाडा रांगेत सगळ्यात शेवटी. पोलीस म्हणाला, "बाबा, तुम्ही पुढे या." हा म्हणाला, "माझी पाळी आली की येईन. बाकीचे उभे आहेत, मी तर बसायची जागा घरून आणलीय." अख्खी रांग हसली. पोलीसही हसला. आणि मग तो मला हळूच म्हणाला, "पुढे घेतात ते मागे टाकण्यासारखंच असतं, गोविंदा. मला रांगेत राहू द्या."

आणि संसार. वहिनी, रागावू नका, सांगतो. वहिनींचे भाऊ त्यांना माहेरी न्यायला आले होते. तेव्हा रघुनाथ स्वतः म्हणाला होता, "जा. मी अडवत नाही. तुझं वय आहे." वहिनी म्हणाल्या, "मी इथे सेवा करायला राहिले असते तर गेलेही असते. मी संसाराला आलेय. तुम्ही भांडता, रुसता, माझ्या आमटीला नावं ठेवता, तेवढं चालू असेतो मी आहे." पंधरा वर्षं त्याने आमटीला नावं ठेवली. इमानाने ठेवली. आणि त्याच माणसाने त्यांना अक्षर न् अक्षर शिकवलं. पाटी नव्हती, फळीवर, सुताराच्या पेन्सिलीने. आज त्या मला वाचून दाखवतात, माझा चष्मा सापडत नाही तेव्हा.

आता मुद्द्यावर येतो. दामोदर, आता तुझ्याकडे.

मंडळी, दामोदरचा धाकटा भाऊ काशिनाथ. आपट्याला नदीकाठी होड्या दुरुस्त करायचा. तीस वर्षांचा गडी, लाकडाचा हात चांगला. आठ महिन्यांपूर्वी होडीचा टेकू निसटला आणि होडी त्याच्या पाठीवर आली. पुढचं सांगायला नको. त्याचंही आता कमरेखालचं अंग लुळं आहे. दामोदर चाक घेऊन आला होता, बोलता बोलता सांगून गेला. रघुनाथने हातातली पटाशी खाली ठेवली. म्हणाला, "कूस बदलता का त्याची?" दामोदर म्हणाला, "आई हलवू देत नाही." रघुनाथने वहिनींकडे पाहिलं. वहिनी आतून हात पुसत आल्या आणि दामोदरला अर्धा तास उभं करून सगळी आरती म्हणून दाखवली. दामोदर, तू ते घरी जाऊन केलंस. तेवढ्यावर तो जगला, हे तू मला आज सकाळी सांगितलंस.

पण जगला म्हणजे नुसता श्वास घेतो. उठत नाही. कुणाशी बोलत नाही. रघुनाथने त्याला पत्रं लिहिली. पाच कार्डं. एकाचंही उत्तर नाही. मी म्हणालो, "चल, गाडी जुंपतो, आपट्याला जाऊन येऊ. समोरासमोर बोल." तर माझ्यावर डाफरला. "बोलावल्याशिवाय जायचं नाही! मी खाटेवर होतो तेव्हा किती जण न बोलावता येऊन उशाशी बसले. एक दिवस मला वाटलं, मी मेलोय आणि ही माझी शोकसभा चाललीय. त्याने बोलावलं तर मी सरपटत जाईन. पण बोलवायचं त्याने."

एकदा दामोदरने सांगितलं, "रघुनाथदादा, तुमचं पत्र तो वाचतो आणि भिंतीकडे तोंड करतो." मला वाटलं, आता हा लिहायचं सोडेल. आणि हा एकदम खूश! म्हणाला, "भिंतीकडे तोंड करतो? कुणी वळवतं का त्याला?" दामोदर म्हणाला, "नाही, आपला आपणच वळतो." "मग काय पाहिजे? माझ्यावर रागावून का होईना, कूस वळवतो ना! आणखी एक कार्ड लिहितो, म्हणजे दुसऱ्या कुशीवर येईल."

मंडळी, हसा. त्याला आवडलं असतं.

ते सहावं कार्ड त्याने सांगून माझ्याकडून लिहवून घेतलं, शेवटच्या आठवड्यात. हाताला कापरं होतं त्याच्या. अक्षर माझं आहे, म्हणून वाईट आहे. ते टाकायच्या आधीच तो गेला. ते मी आज इथे वाचणार नव्हतो, कारण पत्र ज्याचं त्याचं असतं. पण वहिनी म्हणाल्या, वाचा. सगळ्यांना कळलं की सगळ्यांवर जबाबदारी येते. तर वाचतो. छोटंच आहे.

"काशिनाथ यास आशीर्वाद. मी ये म्हणत नाही. बरा होशील असंही म्हणत नाही, ते खोटं आहे. माझ्या अंगणात सळईपाशी बसायला एक माणूस लागतो. पहिलं चाक तू वाईट करशील आणि आमचा गोविंदा ते तुझ्या अंगावर टाकील. तुला त्याचा राग येईल. तो राग आठ महिन्यांतल्या तुझ्या सगळ्या दिवसांपेक्षा बरा असेल. हे मी करून पाहिलेलं आहे."

खाली सही त्याची आहे. वाकडी आहे, पण त्याची आहे.

आता सांगा मला. रघुनाथ गेला, म्हणून हे पत्र मेलं का? त्याची सळई अंगणात उभी आहे. अर्धं चाक तिच्यावर आहे, सात आरे बसलेत, पाच बाकी. आळीतले सुतार म्हणाले, आम्ही पुरं करतो. वहिनी म्हणाल्या, कुणी हात लावायचा नाही. मला वाटलं, आठवण म्हणून ठेवायचं असेल. तर म्हणाल्या, "आठवण कसली? चाक गिऱ्हाइकाचं आहे. पण शिकायला येणाऱ्याला अर्धं चाक बरं असतं. केलेलंही दिसतं आणि करायचंही दिसतं." बघा. रघुनाथ गेला असं मला अधूनमधून वाटतच नाही, ते ह्यामुळे.

हसनमियाँ म्हणतात, मचवा आता राहिला नाही, पण टेम्पो आहे आणि दार अजून निघतं. नामा पाटील म्हणतात, "त्याच्या पयल्या चाकाला माजी गाडी हाय." वहिनी म्हणतात, काशिनाथच्या आईपाशी आठ दिवस राहीन, नळी उकळण्यापासून सगळं हाताने दाखवीन. आणि मी? माझं काम एकच, त्याचं चाक परत करायचं. त्याची भीड मी ठेवणार नाही. ते मी एकदा केलंय, पुन्हा नाही.

सगळं तयार आहे. फक्त बोलावणं नाही. आणि बोलावल्याशिवाय आम्ही जाणार नाही, कारण ज्याने आम्हाला हे शिकवलं त्याची मागे राहिलेली एवढीच अट आहे.

रघुनाथबद्दल आणखी बोलता येईल. मी म्हणत नाही की तो थोर होता. थोर म्हटलं की लोक हात जोडतात आणि घरी जातात. तो चांगला सुतार होता, सोंगट्यांत लबाड होता, बायकोवर त्याचं प्रेम होतं आणि त्याचे पाय चालत नव्हते. ह्या चारांतली शेवटची गोष्ट लोक पहिली सांगतात. तुम्ही शेवटीच सांगा, एवढं माझं मागणं.

आता उठा, मंडळी. ज्यांना उठणं जमत नाही त्यांनी बसूनच राहा, त्याला बसलेल्या माणसांचा काही कमीपणा वाटत नसे. दोन मिनिटं कुणी बोलू नका. च्-च् करू नका. एकेकाने आपापल्या मनात त्याला राम राम घाला.

...

झालं. बसा.

दामोदर, हे कार्ड घे. वरच्या खिशात ठेव, चुरगळू देऊ नकोस. काशिनाथला दे आणि सांग, रघुनाथ सुतार गेला, त्याच्या जागेवरून गोविंद लोहार विचारतोय. या म्हणून लिहिलंस तर आम्ही त्याच दिवशी निघतो. येऊ नका म्हणून लिहिलंस तरी राग नाही. शिव्या लिहिल्यास तर त्या मी मोठ्याने वाचून दाखवीन, सगळी आळी ऐकेल. मजकूर कसलाही असू दे. वहिनींनी कोरं कार्ड सोबत दिलंय, त्यावर पत्ताही घातलाय. त्याने फक्त ते हातात घ्यावं. उत्तर लवकर लिहायला सांग त्याला, दामोदर. आम्ही वाट बघतोय.